चौथं बटण

सेतूबालच्या धक्क्यामागे, जाळी वाळत घालतात त्या गल्लीत
आमचं दुकान: बोटींवरचे शीतकक्ष दुरुस्त करून मिळतील.
सात माणसं, दोन व्हॅन, एक फोन.
तांब्याची तार मार्चअखेर बंद होणार असं पत्र आलं
आणि मालक म्हणाले, तू हिशेब बघतोस ना,
मग हेही बघ.

मी तक्ता आखला. रकान्यांत तीन कंपन्या,
ओळींत त्यांची वचनं.

लिस्बनची कंपनी माणशी अठरा युरो,
रेकॉर्डिंग हवं तर वर सहा.
डब्लिनची बारा, पण वर्षाचे आगाऊ,
मध्येच सोडलं तर उरलेले त्यांचे.
ब्रागाची लहान. सोळा. दंड नाही,
माहितीपत्रकात शुद्धलेखनाच्या दोन चुका.

तिघांचं एका गोष्टीवर एकमत होतं:
टेलिफोन आता टेबलावर नसतो, क्लाउडमध्ये असतो.
बाल्तझारसाहेब खिडकीतून खाडीवरच्या धुक्याकडे बघत म्हणाले,
ढगात आपला फोन. आणि वारा सुटला की?
लिस्बनवाला हसला. मी हसलो नाही;
'इंटरनेट गेलं तर काय' ही ओळ
मी तक्त्यात त्यानंतरच वाढवली.

देओलिंदा सगळं ऐकत होती.
एकोणतीस वर्षं ती त्या फोनपाशी बसते,
रिसीव्हरला तिच्या कानाचा आकार आलाय, असं आम्ही म्हणतो.
तिघांनाही तिनं एकच विचारलं:
चुकलेले फोन कुठे जातील?

मिस्ड कॉल ना, ते ईमेलवर येतात, बाई,
वेळेसकट, दोन सेकंदांत.

घ्यायचे राहिलेले नव्हे, ती म्हणाली.
चुकून लागलेले.

तेव्हा मला कळलं,
शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसून न कळलेलं.
आमच्या नंबरच्या शेवटी सात. प्रसूतिगृहाच्या शेवटी एक.
आणि इकडे हातानं लिहिलेला एक
सातासारखाच दिसतो, त्यात तो चिठ्ठीवर, घाईत लिहिलेला.
रोज एखादा फोन, कधी दोन.
मुलगी झाली का हो?
पाणमोट फुटलीय, निघू का?
आणि देओलिंदा, कॉम्प्रेसरच्या बिलावर पेन टेकवून,
कळा किती मिनिटांनी येतायत ते विचारते,
खरा नंबर सांगते, एकेक अंक सुटा करून,
वर बजावते, शेवटी एक, सात नव्हे.
एकदा एक म्हातारा लागला. बोलेचना, नुसता रडत होता.
तो तिनं बराच वेळ ठेवू दिला नाही.

लिस्बनवाला म्हणाला, असले नंबर यंत्रच गाळून टाकतं,
रोजची वीस मिनिटं वाचतील तुमची.
डब्लिनवाल्यानं पडद्यावरून विचारलं, प्रश्न परत सांगाल का?
ब्रागाची इल्दा कोटाची चेन दातांत धरून गप्प राहिली,
मग म्हणाली,
चौथं बटण रिकामंच आहे.

दुरुस्तीसाठी एक दाबा. सुट्या भागांसाठी दोन.
बिलासाठी तीन.
बाळंतपणासाठी चार.

लोक हसतील, मालक म्हणाले.
हसले. गल्लीत अजून हसतात.

तक्त्यात यासाठी ओळ नव्हती.
ब्रागापुढे मी लिहिलं, सोळा युरो, दंड नाही,
आणि सही घेतली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

एप्रिलअखेर पहिला अहवाल आला,
रंगीत, गोल, भाकरीसारखा चतकोर-नितकोर तोडलेला.
चाराचा तुकडा सगळ्यांत बारीक,
पण बोलण्याची सरासरी वेळ त्याचीच जास्त.
हे कसं? चार दाबलं की फोन थेट प्रसूतिगृहात जावा
असं इल्दा बसवून गेली होती.
कुणीतरी ते बदललंय.
आता तो आधी देओलिंदाच्या कानात वाजतो.

मी काही बोललो नाही.
शनिवारी दुकान बंद करताना तिनं चावी माझ्या हातात दिली,
हेडसेट मात्र गुंडाळून पर्समध्ये टाकला.
क्लाउड आहे ना, म्हणाली,
घरीसुद्धा लागतो.